जुनी चांदी, गरम चहा आणि तडा गेलेली दाढ : ठाण्यातलं एक प्रकरण

रुग्ण ५२ वर्षांचे गृहस्थ. वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये लेथवर काम करतात, राहायला लोकमान्य नगरला. तक्रार डाव्या बाजूच्या खालच्या दाढेची. काही महिन्यांपासून चावताना मध्येच जोराची कळ यायची. रोज नाही, प्रत्येक घासाला नाही. भाकरीत एखादा कण आला, किंवा फुटाणे खाताना नेमका एखादा त्या जागी सापडला, की डोळ्यांत पाणी. थंड पाण्यानेही झिणझिणायचं, पण क्षणभरच. रात्री दुखत नव्हतं, सूज कधी आली नव्हती.

आधी एका ठिकाणी एक्स-रे काढून झाला होता. त्यात काही दिसलं नाही, म्हणून सेन्सिटिव्हिटीची टूथपेस्ट मिळाली. दुसऱ्या ठिकाणी रूट कॅनाल करून कॅप बसवा असं सांगितलं गेलं. हे गृहस्थ माझ्याकडे आले ते एकच प्रश्न घेऊन: "मॅडम, नस खराब झाली आहे का नाही, एवढं नक्की सांगा." प्रश्न अगदी योग्य होता. प्रकरण त्यांच्या संमतीने लिहीत आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

तोंडात काय दिसलं

खालची डावी पहिली मोठी दाढ. तिच्यात वीसेक वर्षांपूर्वी भरलेली चांदी, म्हणजे अमलगम. भरणं लहान नव्हतं. दाढेच्या पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंत आरपार गेलेलं, रुंदीला दाढेच्या दोन टोकांमधल्या, म्हणजे चावण्याच्या पृष्ठभागावरच्या उंचवट्यांमधल्या, अंतराच्या निम्म्याहून जास्त. चांदी काळवंडलेली, पण जागेवर घट्ट. मागच्या कडेला मात्र ती खळग्यातून किंचित वर उचलल्यासारखी झाली होती. एक्सप्लोररचं, म्हणजे तपासणीच्या अणकुचीदार हत्याराचं, टोक फिरवलं की तिथे अडकायचं.

उजवीकडे वरची पहिली दाढ कधीच काढलेली, तिच्या जागी काही बसवलेलं नाही. म्हणजे गेली कित्येक वर्षं सगळं चावणं डावीकडे. शिवाय सुळ्यांची टोकं सपाट घासलेली. झोपेत दात आवळण्याची सवय असणार, हे त्यावरून कळत होतं.

थंडाची तपासणी केली. कळ आली, पण कापूस बाजूला घेताच दोन-तीन सेकंदांत गेली. नस जिवंत आहे आणि अजून सावरू शकेल अशी आहे, हे यावरून समजतं. नस हाताबाहेर गेली असती तर कळ रेंगाळली असती, गरमानेही दुखलं असतं. वरून ठोकून पाहिलं, दुखलं नाही. हिरडीच्या कडेने खोली मोजणारा बारीक प्रोब फिरवला. कुठेही खोल उतरला नाही. ही गोष्ट महत्त्वाची, कारण तडा मुळापर्यंत गेला असेल तर नेमक्या त्याच एका जागी प्रोब खोल जातो, आणि मग दाढ वाचवण्याची बोलणी बहुधा संपतात.

मग चावून पाहण्याची चाचणी. यासाठी प्लॅस्टिकची छोटी खाच असलेली काडी मिळते. ती दाढेच्या एकेका टोकावर ठेवायची, रुग्णाला हळूहळू दाबायला सांगायचं, आणि मग सोडायला. तीन टोकांवर काही नाही. जिभेकडच्या बाजूचं मागचं टोक आलं. दाबताना ते शांत होते. सोडताक्षणी खुर्चीतून अर्धे उठले.

चावताना नव्हे, तर चावणं सोडताना येणारी कळ ही तड्याची जवळपास सही असते. 'क्रॅक्ड टूथ सिंड्रोम' हे नाव १९६४ मध्ये कॅमेरॉन यांनी रूढ केलं, आणि तेव्हापासून निदानात ही चाचणी फार मोलाची ठरली आहे. दाबल्यावर तड्याच्या दोन बाजू जराशा फाकतात, सोडल्यावर मिटतात. डेंटिनमध्ये, म्हणजे एनॅमलच्या कठीण कवचाखालच्या थरात, एक ते अडीच मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) रुंदीच्या असंख्य नळ्या असतात आणि त्यांत द्रव असतो. तडा मिटताना हा द्रव झटक्यात सरकतो आणि नसेतले तंतू कळवतात. ब्रानस्ट्रॉम यांनी १९६० च्या दशकात मांडलेली ही उपपत्ती थंडाने येणाऱ्या कळीलाही लागू पडते. एक्स-रेत काही न दिसण्याचं कारण साधं आहे. पुढून मागे धावणारा तडा फिल्मला समांतर असतो, त्यामुळे तो उमटतच नाही. आधीच्या डॉक्टरांचा एक्स-रे चुकीचा नव्हता. त्या एक्स-रेकडून ते उत्तर मिळणारच नव्हतं.

शेवटी बाजूने बारीक प्रकाशझोत टाकला. निरोगी दाढेतून उजेड आरपार पसरतो. इथे मागच्या कडेजवळ तो एका रेषेवर येऊन तटला. रेषेच्या अलीकडे उजेड, पलीकडे अंधार.

दाढ चिरली कशाने

त्यांचा समज होता की कधीतरी फुटाण्याने दाढ फुटली. तसं होऊ शकतं, पण शेवटचा फुटाणा हा फक्त निमित्त असतो. तयारी वर्षानुवर्षं चाललेली असते. या दाढेत दोन गोष्टी एकत्र आल्या होत्या: उष्णतेने होणारी आकाराची फेरफार, आणि चावण्याचा ताण.

आधी उष्णता. तापमान एक अंशाने वाढलं की एनॅमल दर मीटरला साधारण ११ मायक्रॉनने प्रसरण पावतं, डेंटिन ८ च्या आसपास. अमलगम सुमारे २५. कॉम्पोझिट, म्हणजे लोक ज्याला पांढरं सिमेंट म्हणतात ते, प्रकारानुसार साधारण २५ ते ४०, काही त्याहूनही जास्त. ग्लास आयोनोमर, हे भरण्याचं आणखी एक सिमेंट, १० ते ११, अगदी दाताच्या जोडीला बसणारं. झिर्कोनिया, म्हणजे कॅपसाठी वापरलं जाणारं सिरॅमिक, साडेदहाच्या आसपास.

हे आकडे पाठ्यपुस्तकात असतात आणि बहुतेक चर्चा इथेच थांबते: अमलगम दाताच्या अडीचपट फुगतं, म्हणून दात तडकतो, कॉम्पोझिट त्याहून जास्त फुगतं, म्हणून ते आणखी वाईट. मला हे अर्धवट वाटतं. उष्णता आत पोचायला वेळ लागतो, आणि तोंडातल्या प्रसंगात सगळा खेळ वेळेचा आहे.

अमलगम धातू आहे. दोन मिलिमीटर आत उष्णता पोचायला त्याला अर्ध्या सेकंदाहूनही कमी वेळ पुरतो. डेंटिनला तेवढ्याच अंतरासाठी वीसेक सेकंद लागतात. म्हणजे चहाचा घोट तोंडात असतो त्या एक-दोन सेकंदांत चांदीचा सगळा तुकडा तापून मोकळा होतो आणि तिला वेढून असलेल्या डेंटिनला अजून खबरही नसते. समजा, भरणं ४ मिलिमीटर रुंद आहे आणि घोटामुळे चांदी १५ अंशांनी तापली. ती दीड मायक्रॉनने रुंद होते. भोवतीचा खळगा तोवर जवळपास होता तेवढाच. दाढ आणि चांदी दोन्ही सावकाश, सारख्याच २० अंशांनी तापली असती तर फरक सव्वा मायक्रॉनचाच राहिला असता. तापमान कमी वाढूनही अचानक आलेला घोट जास्त ताण देतो तो असा.

हे मी त्यांना कागदावर काढून दाखवलं, तेव्हा ते लगेच म्हणाले, "आम्ही शाफ्टवर बेअरिंग चढवताना बाहेरचं बेअरिंग तापवतो, म्हणून ते सैल होऊन बसतं. इथे तर आतलाच तुकडा तापतोय. म्हणजे तो जाम होणार की!" याहून चांगलं मला सांगता आलं नसतं.

जाम झालेल्या तुकड्याचा ताण किती? खळगा अजिबात हलू शकत नाही असं धरलं तरी हिशेब दहा-पंधरा मेगापास्कलपर्यंत जातो. प्रत्यक्षात दाढेच्या भिंती थोड्या वाकतात, म्हणून ताण कमीच. डेंटिन एका झटक्यात त्याहून कितीतरी जास्त ओढ सोसतं. एनॅमलची ओढ सोसण्याची ताकद मात्र जेमतेम तेवढीच असते. म्हणून एका चहाने दाढ फुटत नाही. पण या गृहस्थांचा दिवस बघा: सकाळपासून टपरीवरचे कटिंग, कडक गरम, दोन घोटांत संपवायचे. वर्कशॉपमधल्या उकाड्यात कूलरचं गार पाणी, पुष्कळदा चहाच्या मागोमाग. प्रयोगशाळेत भरण्याच्या साहित्याची परीक्षा घेताना ते ५ आणि ५५ अंशांच्या पाण्यात आलटून पालटून बुडवतात, आणि अशा साधारण १०,००० फेऱ्यांना तोंडातल्या एका वर्षाच्या बरोबरीचं धरण्याचा प्रघात आहे. या दाढेने तशी वीस वर्षं काढली होती.

थंड पाणी उलट काम करतं. चांदी झपाट्याने आक्रसते, दोन्ही बाजूंना मिळून दोनेक मायक्रॉनची फट पडते. फट एवढीशीच, पण जीवाणूही साधारण एका मायक्रॉनच्या घरातला. तोंडातला द्रव त्या फटीत ओढला जातो आणि पुन्हा गरम झालं की बाहेर ढकलला जातो. नेल्सन, वोलकॉट आणि पॅफेनबर्गर यांनी १९५२ मध्ये हे डोळ्यांना दिसेल असं दाखवलं होतं. काढलेले, भरलेले दात बर्फाच्या पाण्यात गार करून हाताच्या उबेने तापवले, तर भरण्याच्या कडेने द्रवाचे बारीक थेंब बाहेर आले. चांदीचा एक गुण इथे सांगायला हवा. तिच्या गंजण्यातून तयार होणारे क्षार हळूहळू ही फट बुजवतात. जुनं अमलगम जे वर्षानुवर्षं टिकतं त्यामागे हे मोठं कारण आहे.

पण तड्याचा मुख्य आरोपी माझ्या मते चहा नाही. तो आहे चावण्याचा भार आणि दाढेत उरलेली कमी भिंत. एरवी घास चावताना दाढेवर ७ ते १५ किलोचा भार पडतो, जोर लावून आवळलं तर ५० ते ७० किलोपर्यंत. झोपेत आवळणाऱ्याला तिथे स्वतःला थांबवता येत नाही. १९८९ मध्ये रीह आणि सहकाऱ्यांनी लहान दाढांवर मोजून दाखवलं की फक्त वरच्या बाजूचा खळगा केला तर दाताचा ताठपणा सुमारे २० टक्के घटतो. दोन्ही कडा तोडून आरपार खळगा केला तर ६३ टक्के. आणि कडा शाबूत ठेवून रूट कॅनालसाठी वरून वाट केली तर जेमतेम ५ टक्के. दाढेच्या पुढच्या-मागच्या कडा म्हणजे तिचा पट्टा. तो तुटला की प्रत्येक टोक सुटं उभं राहतं आणि प्रत्येक घासाला थोडं थोडं बाहेर वाकतं. चांदी दाताला चिकटत नाही, ती फक्त अडकून बसते, म्हणून ती या टोकांना आत धरून ठेवू शकत नाही. चावताना पाचरीसारखी बाहेर मात्र ढकलते. खालच्या दाढांत जिभेकडची टोकं जास्त मोडतात, आणि इथेही तेच टोक होतं.

चांदी काढल्यावर

रबर डॅम, म्हणजे दाढ बाकी तोंडापासून वेगळी ठेवणारा रबरी पडदा, लावला आणि जोरदार सक्शन चालू ठेवून चांदी मोठ्या तुकड्यांत काढली. उगाळून भुकटी केली की चांदीतल्या पाऱ्याची वाफ वाढते, म्हणून तुकडे करणं बरं. ते तुकडे बंद डब्यात वेगळे ठेवले. पाऱ्याला आळा घालणाऱ्या २०१३ च्या मिनामाता या जागतिक करारानंतर दातांतल्या पाऱ्याचा वापर जगभर कमी होत आहे. पण चांगली बसलेली, त्रास न देणारी चांदी केवळ भीतीपोटी काढू नये, हे मी प्रत्येकाला सांगते. या दाढेत ती काढण्याचं कारण तडा होता.

खळग्याच्या तळाला मिथिलिन ब्लू या निळ्या रंगाचा थेंब टाकून धुतला. मागच्या कडेपासून निघालेली निळी रेघ जिभेकडच्या टोकाच्या बुडाशी वळली होती. नसेच्या छतापर्यंत ती आलेली नव्हती. त्या टोकाची भिंत मोजली. दीड मिलिमीटर. न चावणाऱ्या बाजूच्या टोकाला किमान २ मिलिमीटर आणि चावणाऱ्या बाजूच्या टोकाला अडीच-तीन मिलिमीटर जाडी हवी, असा संकेत आहे. त्याखाली ते टोक उघडं ठेवून फक्त खळगा भरणं म्हणजे जुन्या प्रकरणाची नव्या साहित्याने पुनरावृत्ती.

त्यांना मात्र तेच हवं होतं. "चांदी काढलीच आहे तर पांढरं सिमेंट भरून टाका, कॅपचा खर्च कशाला?" या प्रश्नाला सरळ नकार देण्यापेक्षा हिशेब दाखवणं मला योग्य वाटतं.

कॉम्पोझिट उष्णतेने चांदीपेक्षा जास्त फुगतं हे खरं, पण ते उष्णता जवळपास डेंटिनच्याच चालीने आत घेतं. त्यामुळे चहाच्या घोटात फक्त वरचा पापुद्रा तापतो, तळ शांत राहतो. रोजच्या गरम-थंडात ते कागदावरच्या आकड्यांपेक्षा बरंच सभ्य वागतं. त्याची खरी परीक्षा पहिल्या दिवशी, लाइट मारताना होते. घट्ट होताना कॉम्पोझिट आकारमानाने दोन-तीन टक्के आक्रसतं. लांबीत धरलं तर ४ मिलिमीटरमागे तीसेक मायक्रॉन. चहाच्या घोटाने चांदीत होणाऱ्या बदलाच्या वीसपट, आणि तेही भिंतींना चिकटलेल्या अवस्थेत! यातला काही भाग साहित्य मऊ असतानाच वाहून जिरतो. बाकीचा ताण एक तर जोड उचकटतो, नाही तर टोकांना आत ओढतो. म्हणूनच ते एकदम न भरता दोन-दोन मिलिमीटरच्या थरांत, एका वेळी शक्य तितक्या कमी भिंतींना टेकवत भरायचं असतं. १.५ मिलिमीटरची चिरलेली भिंत आत ओढली गेली, तर आपणच तडा वाढवणार.

काय केलं

पहिल्या बैठकीत खळग्यात ग्लास आयोनोमर भरलं. ते दातासारखंच फुगतं-आक्रसतं, घट्ट होताना फारसं ओढत नाही, दाताला रासायनिक रीतीने चिकटतं. एवढ्या मोठ्या खळग्यात कायमचा भार सोसायला ते दुबळं, पण मधल्या काळासाठी उत्तम. मग दाढेभोवती स्टेनलेस स्टीलचा ऑर्थोडॉन्टिक बँड सिमेंटने बसवला आणि त्या टोकावरचा भार थोडा घासून कमी केला. तुटलेला पट्टा तात्पुरता परत मिळाला.

बँड हे उपचारही आहे आणि निदानही. बांधल्यावर चावण्याची कळ थांबली तर तडा धरून ठेवण्याने काम भागेल. थांबली नाही, किंवा कळ रेंगाळू लागली, तर नसेचा निर्णय वेगळा घ्यायचा. खर्च कॅपच्या मानाने अगदी किरकोळ, आणि रूट कॅनाल ही परत न फिरवता येणारी गोष्ट. अशा रुग्णाला थेट नस काढण्याआधी दोन-तीन आठवडे बँड लावून पाहिला पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

तीन आठवड्यांनी ते आले तेव्हा डावीकडून चावत होते. काडीच्या चाचणीला कळ नाही. थंडाला अजून जाणवत होतं, पण पहिल्यापेक्षा सौम्य. मग कायमची कॅप करायचं ठरलं. ऑनले, म्हणजे फक्त वरची टोकं झाकणारं आवरण, बसवला असता तर दाताचा भाग थोडा जास्त वाचला असता. पण मागच्या कडेतून गेलेला तडा आणि रात्रीचं आवळणं बघता मला चहूबाजूंनी कवटाळणारी कॅप हवी होती. पर्याय दोन ठेवले, पूर्ण धातूची आणि झिर्कोनियाची. धातूच्या कॅपला दात कमी घासावा लागतो आणि ती फुटत नाही, म्हणून माझा कल तिकडे होता. त्यांना दातांच्या रंगाचीच हवी होती. झिर्कोनिया दाताइतकंच फुगतं, उष्णता धातूच्या मानाने फार हळू आत सोडतं आणि आवळण्याला पुरून उरतं, तेव्हा हरकत घेण्यासारखं काही नव्हतं. ते खूप कठीण असल्याने समोरच्या दाताला खरवडू नये म्हणून वरचा भाग आरशासारखा पॉलिश असायला हवा. उंची जुळवताना घासलं तर तेवढा भाग पुन्हा पॉलिश करायचा. हे काम घाईत सुटतं आणि त्याची किंमत वरचा दात मोजतो.

आत ग्लास आयोनोमरचा तळ ठेवून वर कॉम्पोझिटचा गाभा बांधला, थोड्या थोड्या थरांनी. बँड या वेळी काढला नव्हता, म्हणजे भिंत आत ओढली जायची भीती कमी. दात घासताना पाण्याचा फवारा भरपूर ठेवला. झॅक आणि कोहेन यांनी १९६५ मध्ये माकडांच्या दातांवर केलेल्या प्रयोगात नसेचं तापमान साडेपाच अंशांनी वाढलं, तेव्हा सुमारे १५ टक्के नसा मेल्या. पाण्याशिवाय फिरणारी बर (दात घासायचं ड्रिलचं टोक) ती मर्यादा सहज ओलांडते, आणि आजचे जोरदार क्युरिंग लाइटही खोल खळग्यात बेपर्वाईने वापरले तर त्या दिशेने नेतात. आधीच दुखावलेल्या नसेला हा चटका देऊन मग "नस गेली, रूट कॅनाल लागेल" म्हणणं रुग्णावर अन्याय आहे.

कॅप बसवण्याआधी त्यांना स्पष्ट सांगितलं होतं: तडा बुजत नाही, फक्त धरून ठेवला जातो. अशा दाढांपैकी काहींना, एका मोठ्या पाहणीत पाचांतल्या एकाला, पुढे रूट कॅनाल लागलंच. ते लागलं तर कॅपमधून करता येतं. हे आधी सांगितलेलं असलं की पुढे विश्वास टिकतो.

वर्षभराने एक्स-रे काढला. मुळाच्या टोकाशी काही नाही, प्रोब कुठे उतरत नाही, थंडाची तपासणी शेजारच्या दाढेसारखीच. चहा सोडायला मी सांगितलं नव्हतंच. गरम चहावर लगेच कूलरचं पाणी नको, एवढंच सांगितलं होतं, आणि ते पाळतात. रात्रीच्या आवळण्यासाठी दिलेला नाइट गार्ड, म्हणजे झोपताना दातांवर घालायचं आवरण, मात्र सुरुवातीचे काही महिने वापरून कपाटात गेला होता. तो पुन्हा तपासून, घासून नीट बसता करून दिला. उजवीकडची वरची जागा अजून रिकामीच आहे. डाव्या दाढेवरचा बराच भार त्या जागेमुळे आहे, हे या वेळी कागदावर काढून दाखवलं आणि ब्रिज व इम्प्लांट दोन्हींचा खर्च लिहून दिला. दिवाळीनंतर बघू म्हणाले आहेत.